शर्यतीची वेळ ओहोटीला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माघी पौर्णिमेला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी आपल्या किनाऱ्यावर घोडागाड्यांच्या आणि स्वारीच्या शर्यती आहेत. थळ-वरसोलीपासून नागाव-रेवदंड्यापर्यंत तबेल्यांत सध्या दुसरा विषय नाही. पहाटे पुळणीवर रपेट चालू आहे, नालबंद हाताला लागत नाही. आम्हीही या दोन दिवसांकडे डोळे लावून बसलो आहोत. पण जागोजागी लागलेल्या फलकांवर वेळ छापली आहे ती अशी: सकाळी १० वाजता उद्घाटन, मग फेऱ्या, रविवारी दुपारी १ वाजता अंतिम फेरी आणि लगेच बक्षीस समारंभ. ही वेळ ज्याने कोणी ठरवली त्याने पंचांग उघडलेले नाही, एवढे नक्की.

शनिवारी वद्य प्रतिपदा, रविवारी द्वितीया. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही येतो. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. दुपारी तीच आणि रात्रीही साधारण तीच. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटे मिळवली की ओहोटी. म्हणजे शनिवारी सकाळी सातच्या सुमारास आणि रविवारी पावणेआठच्या सुमारास समुद्र सर्वांत लांब गेलेला असेल. आणि रविवारी दुपारी १ वाजता, अंतिम फेरी सुटायच्या वेळी, उधाणाचे पाणी सुरूच्या बनाखाली येऊन ठेपलेले असेल. घोडे पळवायचे कुठे, मांडवात?

पाऊणपटीचा हिशेब हा ठोकताळा आहे. अर्धा तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी आणि तिच्यापुढचा मीटरचा आकडाही वाचावा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक बरीच खाली जाते, दुसरी कमी. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन मीटरांहून अधिक फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला, दीड मीटरच्या आसपास. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक धरला तर उधाणाच्या ओहोटीला पावणेदोनशे मीटर रुंद पुळण उघडी पडते आणि भांगाला जेमतेम पंचाहत्तर. म्हणून अष्टमीच्या आसपास शर्यत ठेवू नये. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस घ्यावेत. तिथे आयोजकांनी दिवस अगदी अचूक निवडला आहे. चुकले ते फक्त घड्याळ.

पाणी फिरल्यावर ते एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतके, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तिप्पट. उधाणाचा साडेतीन मीटरचा चढ धरला तर पहिल्या तासात फुटभर आणि तिसऱ्या तासात जवळजवळ तीन फूट. पन्नासास एक उतारावर तीन फूट पाणी चढणे म्हणजे समुद्र पंचेचाळीस मीटर आत येणे. ‘अजून एक फेरी उरकून घेऊ’ असे म्हणणारा नेमका तिसऱ्या तासात फसतो. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत पर्यटकांना नेणारे गाडीवान पाणी वळले की गाडी वळवतात. तोच शहाणपणा शर्यतीला लावायचा, तर वापरायचा वेळ ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास, एवढाच.

आता हे वेळापत्रकात बसवून बघू. शनिवारी सूर्य सातच्या सुमारास वर येतो, अंधारात घोडा पळवायचा नाही, म्हणून सात ते साडेआठ. संध्याकाळची ओहोटी सव्वासात-साडेसातची, पण त्याआधीच दिवस मावळतो, म्हणून सव्वापाच ते साडेसहा. एका वेळी दोनच गाड्या आणि तयारीसकट फेरीला आठ मिनिटे धरली तर सकाळी अकरा आणि संध्याकाळी नऊ फेऱ्या होतात. चाळीस गाड्या सामावल्या. सकाळची आणि संध्याकाळची वाळू एकसारखी नसते, तेव्हा दोन्ही वेळांचे आकडे एकत्र लावून निवड करू नये. सकाळच्यांतल्या चार वेगवान गाड्या आणि संध्याकाळच्यांतल्या चार, अशा आठ घ्याव्यात. ओहोटी रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ते रविवारी आपल्या पथ्यावर पडते: सात ते सव्वानऊ. सव्वासातला आठ गाड्यांच्या चार फेऱ्या, मग मधल्या वेळात स्वारीच्या शर्यती, आणि पावणेनऊ-नऊला अंतिम. मधला तासभर गाडीच्या घोड्यांना उसंत म्हणून हवाच. पाहुणे दहाला आले तर बक्षिसे वाटायला अगदी वेळेवर येतील.

हे काही आम्ही नवे सांगत नाही. आयर्लंडमधल्या लेटाऊनला १८६८ पासून समुद्राच्या वाळूवर शर्यती होतात आणि त्यांचा दिवस-वेळ ओहोटी बघूनच ठरतो. स्पेनमधल्या सानलुकारला, ग्वादाल्किव्हिर नदीच्या मुखाशी, १८४५ पासून ऑगस्टमध्ये दोन टप्प्यांत शर्यती होतात. टप्पे दोन कशासाठी, तर सोयीच्या ओहोट्या पंधरवड्याने परततात म्हणून. तिथेही पाहुणे असतात.

वेळेनंतर वाळू. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे हिरवळीवर पळवतात आणि जमीन किती मऊ आहे ते उपकरण रोवून मोजतात. तो आकडा शर्यतीआधी जाहीर होतो. आपल्याकडे टाच हेच उपकरण. ओल्या पुळणीवर टाच दाबून उभे राहावे. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसली तर कण घट्ट बसलेले आहेत, तो पट्टा चांगला. पाणी वर येऊन पाऊल रुतत गेले तर वाळू सैल आहे आणि तिथे घोड्याचा पाय आत जाणार. पाणी नुकते ओसरलेला पट्टा चकचकीत दिसतो पण तो निथळायला वेळ लागतो. तिथून थोडे वर, कोरड्या भुसभुशीत वाळूच्या बरेच खाली, मधला पट्टा घ्यावा. पार कोरड्या वाळूत घोडा दमतो आणि पायामागच्या कंडरांवर ताण येतो, फार टणक वाळूत सांध्यांना दणके बसतात. पण खरी मोडतोड होते ती भरधाव जाताना टणकावरून एकदम मऊवर आल्यावर. म्हणून धाव आखताना ती सगळी एकाच जातीच्या वाळूवरून जाईल असे बघायचे, भले ती शंभर मीटरने आखूड झाली तरी चालेल.

आदल्या दिवशीच्या ओहोटीत पूर्ण धाव पायी चालून बघावी, आणि शर्यतीच्या सकाळी पुन्हा. मधली रात्रीची भरती किनारा बदलून जाते: ओहोळाचे तोंड दहा हात सरकते, लाटांनी आडवी पन्हळ पडते, जाळ्याचा तुकडा किंवा नांगराचा दोर अर्धा वाळूत गाडला जातो. कुर्ल्यांची बिळे जिथे दाट आहेत तो भाग सोडावा. वरच्या कोरड्या वाळूत गाड्या आणि टेम्पो नेऊ नयेत. हे दिवस समुद्री कासवांच्या अंडी घालण्याचे आहेत. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास ही नावे सर्वांना ठाऊक असली तरी कासव गावाचे नाव वाचून वर येत नाही, तेव्हा आधी वन विभागाला विचारून घ्यावे.

धाव सरळ असावी. वळसा घालून परत यायची पद्धत वाळूवर घातक आहे. आतल्या चाकाखालची वाळू खचते आणि गाडी कलंडते. लेटाऊनलाही १९९४च्या अपघातानंतर वळण काढून टाकले आणि एका वेळच्या घोड्यांची संख्या दहावर आणली. बैलगाडा शर्यतींच्या राज्य नियमावलीत धावेची कमाल मर्यादा १००० मीटर आहे. ती नियमावली बैलांसाठी असली तरी घोडागाडीला त्याहून लांब धाव हवी कशाला? ८०० पुरे. मात्र शेवटच्या निशाणाच्या पुढे किमान अडीचशे-तीनशे मीटर मोकळी पुळण हवी. भरधाव घोडा गाडीसकट दोरीवर थांबत नाही, आणि लोक तर नेमके निशाणाच्या पुढेच मोबाईल धरून उभे राहतात. दोन गाड्यांमध्ये एक गाडी मावेल इतके अंतर. खुणेला बांबू आणि लोखंडी सळ्या रोवू नयेत, लवचीक काठीला कापड बांधावे. प्रेक्षक फक्त जमिनीच्या बाजूला. समुद्राच्या बाजूला एकही माणूस नको. दोन्हीकडून गर्दी दाटली की घोड्याला बोगद्यात शिरल्यासारखे होते, तो बुजला तर त्याला जायला एक बाजू मोकळी असली पाहिजे. घोड्याला नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, हेही लोकांना कर्ण्यावरून सांगावे. फटाके, डीजे आणि डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन या तीन गोष्टी नसल्या तर निम्मे अपघात टळतील असे आमचे मत आहे.

आता ज्यांचे घोडे आहेत त्यांच्यासाठी. नाल शर्यतीच्या आदल्या दिवशी मारू नका. पाच-सात दिवस आधी मारा. खिळा जिवंत भागाच्या जवळून गेला असेल तर घोडा एक-दोन दिवसांत पाय उचलून धरतो, आणि ते कळायला मधले दिवस लागतात. ज्यांनी आधीच नाल मारले आहेत त्यांनी रोज प्रत्येक खिळा बोटाने चाचपावा. खाऱ्या पाण्याने खिळे गंजतात आणि नाल धावेत सुटतो. गाडीचे म्हणाल तर दांड्यांचे कातडी पट्टे, तंग (पोटाखालचा पट्टा) आणि लगामाच्या शिवणी बघा. ओल्या वाळूत साज भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो आणि तुटतो तो नेमका शिवणीवर.

चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, बाबतीत जुनी खोड अशी की शर्यतीच्या आठवड्यात हरभरा वाढवायचा, म्हणजे घोडा ‘तापेल’. तो तापत नाही, त्याचे पोट दुखते. घोड्याला ओकता येत नाही, आत गेलेले पुढेच जावे लागते. ३०० किलोच्या घोड्याला एका वेळी सव्वा किलोहून जास्त दाणा नको आणि शेवटची चंदी धावेच्या चार तास आधी. सातची फेरी असेल तर पहाटे तीनला उठून दाणा घालण्यापेक्षा रात्रीच्या चंदीवर ठेवून पहाटे मूठभर गवत दिलेले बरे. दिवसाची सुकी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेचार ते सहा किलो. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर शर्यतीचा घोडा उभा राहत नाही, गवत हवे. आणि पूर्ण विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्मा करायचा. भरपूर दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी जोरात पळवला की मागचे पुठ्ठे आखडतात, पाऊल टाकवत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. असे दिसले तर एक पाऊलही चालवू नये, जागेवरच डॉक्टरला बोलवावे. शुक्रवारी घोड्याला ‘आराम’ देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे; थोडी रपेट शुक्रवारीही हवी.

किनाऱ्यावरच्या घोड्यांचा खास आजार म्हणजे पोटात साचणारी वाळू. वैरण वाळूवर टाकली की प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर आत जाते, आतड्याच्या तळाशी बसते आणि एक दिवस घोडा लोळायला लागतो. तपासणी सोपी आहे: ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे पाण्याच्या बादलीत कालवून पंधरा मिनिटे ठेवावेत आणि वरचे पाणी हळूच ओतून द्यावे. तळाला चमचाभर वाळू राहिली तर डॉक्टरला विचारून इसबगोल सुरू करावा. त्याहून सोपा उपाय घमेल्यात किंवा टोपलीत खायला घालण्याचा.

पाण्याबद्दल दोन गैरसमज अजून जिवंत आहेत. एक, गरम घोड्याला पाणी पाजू नये. पाजावे, चार-पाच लिटर, मग पाच मिनिटे चालवावे, पुन्हा चार-पाच लिटर. घोड्याच्या घामातून मीठ माणसाच्या घामापेक्षा कितीतरी जास्त जाते, म्हणून दाण्यातून रोजचे पंचवीस-तीस ग्रॅम मीठ चुकवू नये. दुसरा गैरसमज, तापलेल्या अंगावर गार पाणी टाकले तर घोडा आखडतो. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकआधी यावर भरपूर काम झाले आणि गार पाणी भरपूर, सतत ओतणे हाच उत्तम उपाय ठरला. मान, छाती, मांड्यांच्या आतली बाजू इथे ओतत राहावे आणि तापलेले पाणी हाताने निपटून पुन्हा ओतावे. अंगावर ओले पोते टाकून ठेवणे मात्र उलटे पडते, त्याच्याखाली पाणी तापून बसते. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे हे काम वाऱ्यावर सोडता येत नाही. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा तरी असतो; तो पडतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुटायच्या आधी मधला काळ अगदी कोंडलेला, आणि फलकाप्रमाणे फेऱ्या सुरू व्हायच्या त्या नेमक्या तेव्हाच.

घोडा पुन्हा धावण्याजोगा आहे की नाही हे मालकाच्या तोंडावरून ठरवू नये, नाडीवरून ठरवावे. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट लावले की नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची. उभ्या घोड्याची ३० ते ४०. धावून आल्यावर वीस मिनिटांनी ती ६४च्या खाली आली नाही तर त्या घोड्याला त्या दिवशी पुन्हा जुंपू नये. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतही हाच ६४चा आकडा धरतात. अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ असते, पाणी ओतूनही ते ४०च्या वर अडून राहिले तर डॉक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पायांच्या कंडरा हाताने चाचपाव्यात. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, किंचित सुजलेला वाटला, तर रविवारची धाव नाही. अशा वेळी वेदनाशामक टोचून उतरवणारे असतात. दुखणे कळेनासे होते, फाटलेली कंडरा तशीच पळते, आणि घोडा वर्षभरासाठी घरी बसतो.

ज्यांचे घोडे घाटावरून टेम्पोने येणार आहेत त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचावे. टेम्पोत पेंढा किंवा वाळू टाकावी, दर तीन-चार तासांनी थांबावे आणि डोके खाली करू द्यावे. तास न् तास तोंड वर बांधलेल्या घोड्याला छातीत पाणी झाल्याचे दोन दिवसांनी कळते. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला बरोबर हवा. हा रोग माणसालाही होतो, त्यावर घोड्याला उपचार नाही, आणि तो पसरतो सामाईक हौदातून. म्हणून आयोजकांनी ठेवलेल्या हौदाला तोंड लावू न देता प्रत्येकाने आपली बादली आणावी. नमुना तपासून यायला दिवस जातात. शुक्रवारी धावपळ करून काही होणार नाही.

चाबूक, आसूड, खिळे लावलेली काठी, बॅटरीचा झटका हे चालणार नाही. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा घोड्यालाही लागू आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला बंदी आली, ती डिसेंबर २०२१ पर्यंत उठली नाही आणि प्रश्न पुरता मिटायला मे २०२३ उजाडले. घोडागाडीवाल्यांना तो धडा फुकट मिळालेला आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे एकच मागणी. शुक्रवारच्या, शनिवारच्या आणि रविवारच्या अंकात पहिल्या पानावर, हवामानाच्या शेजारी, अलिबागच्या ओहोटीची वेळ आणि मीटरचा आकडा मोठ्या टायपात छापावा. फलक बदलायला आयोजकांना वेळ मिळाला नाही तरी बघायला येणारे तेवढे वाचून सकाळी साडेसहाला पुळणीवर येतील. मुंबईहून येणाऱ्यांनी शनिवारी पहाटे निघण्याच्या भरवशावर राहू नये, वडखळच्या पुढे रस्ता त्यांना सातला पोहोचू देणार नाही. शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला यावे, आणि गाडी पुळणीवर न आणता गावात ठेवावी.

आपले,
तबेलेवाले, गाडीवान आणि शर्यतीचे काही जुने प्रेक्षक,
अलिबाग तालुका